पाचवी लेव्हल नको म्हणणारी पोरगी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ संपला होता, बाहेर पाणी धो धो पडत होतं, लाइट संध्याकाळीच गेलेली आणि माझ्या सेंटरात इन्व्हर्टरवर एकच ट्यूब चालू होती. मी सहाही जणांसमोर त्यांची त्यांची लॉगशीट, म्हणजे खेळाच्या नोंदीचा कागद, सरकवली आणि नेहमीसारखं विचारलं, बोला, लेव्हल घेता नं? पाचही पोट्टे एकदम हो म्हणाले, म्हणणारच, कारण चौथ्यावरून पाचव्या लेव्हलला जायचं होतं आणि या खेळात पाचवी लेव्हल म्हणजे लई मोठी गोष्ट. सहावी होती शेजारच्या काकूंची पोरगी, अकरावी सायन्सला आहे. तिनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "भाऊ, मले नाही पाहिजे."

"काहून वं?"

"चवथीतलंच पुरं समजलं नाही अजून. पाचवी घेऊन काय करू मी?"

"अवं घे नं, फुकट भेटून राहिली," बाजूचा एक पोट्टा म्हणाला.

"फुकट भेटून राहिली म्हणून घेऊ काय?"

यावर कोणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. तिच्या लॉगशीटवर त्या दिवशीची तारीख आणि अ‍ॅडव्हेंचरचं, म्हणजे खेळलेल्या गोष्टीचं, नाव लिहिलं, लेव्हलच्या रकान्यात पुन्हा ४ लिहिला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, पण सोयाबीन, मग कापूस, मग पीक विम्याचे फॉर्म, राहूनच गेलं.

आधी थोडं सांगावं लागेल, कारण हा खेळ आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढलेला. बोर्ड नाही, स्क्रीन नाही, टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, आणि तुम्ही जे करतो म्हणता ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. दंडारीत, नाटकात सोंग घेतात तसं सोंग घ्यायचं, फक्त पुढचा डायलॉग कोणालाच माहीत नसतो, डीएमलाही नाही.

मी हे पुण्यात नोकरीला होतो तेव्हा शिकलो. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तसा गावी आलो, दारव्हा तालुक्यात, आणि इथंच राहिलो. ऑनलाइन फॉर्म, दाखले, झेरॉक्स असं सेंटर टाकलं. शाळा बंद होत्या, पोट्टे दिवसभर मोबाइल घेऊन माझ्या ओट्यावर नेटसाठी बसत, त्यातून सुरू झालं. वीस बाजूंचा फासा गावात कुठला मिळायला? वहीच्या कागदाच्या २० चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या, डबा हलवायचा, एक काढायची, आकडा वाचायचा आणि घडी घालून परत टाकायची. परत टाकायची हे महत्त्वाचं, एकदा कोणीतरी २० ची चिठ्ठी खिशातच ठेवली होती आणि पूर्ण संध्याकाळभर कोणालाच वीस आला नाही. राक्षस म्हणून तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मांडायचो. सगळ्यांत मोठा बैल, शिंगांना बेगड लावलेला, तो ड्रॅगन. पुढं पैसे जमवून खऱ्या फाशांचे तीन सेट ऑनलाइन मागवले, पण बैल अजून तेच आहेत.

घरगुती खेळात डीएम त्याच्या मनाप्रमाणे लेव्हल देतो. मी मात्र पोरांना मुद्दाम ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये घेतलं, म्हणजे अ‍ॅडव्हेंचरर्स लीग, खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली तेव्हापासून चालू आहे. नियम सगळीकडे सारखे, अ‍ॅडव्हेंचर ठरलेल्या यादीतली, आणि प्रत्येक खेळानंतर काय मिळालं, कोणती लेव्हल झाली, हे लॉगशीटवर लिहून ठेवायचं. असा प्रकार जुनाच आहे, १९८० मध्येच आरपीजीए नावाची संघटना निघाली होती आणि त्यांच्या मोहिमांत हजारो लोक वेगवेगळ्या शहरांत बसून एकाच जगात खेळत. मी यात का घेतलं तर एकाच कारणासाठी. आमच्या गावात बारावीनंतर कोणी राहत नाही. कोणी यवतमाळ, कोणी अमरावती, कोणी नागपूर, कोणी पुणे. लॉगशीट हातात असली की लीगच्या कोणत्याही टेबलावर जाऊन बसता येतं, तिथला डीएम ओळखीचा नसला तरी. शाळा सोडल्याचा दाखला असतो ना, तसंच. मी दिवसभर लोकांचे दाखलेच काढतो, त्यामुळं कागदावर नीट लिहिलेल्या एका ओळीची किंमत काय असते ते मला माहीत आहे. आमचा एक पोट्टा आता पुण्याला इंजिनीअरिंगला आहे, त्याच्या योद्ध्याची लॉगशीट माझ्याच झेरॉक्सवर छापलेली, पहिल्या पानावर चहाचा डाग, ती घेऊन तो तिथल्या टेबलावर गेला आणि सहाव्या लेव्हलपासून पुढं खेळला. रात्री फोन करून सांगत होता, भाऊ, कोणी एका शब्दानंही विचारलं नाही की हे कुठून आणलं.

तर लेव्हलबद्दल.

नवीन माणूस टेबलावर आला की त्याला वाटतं लेव्हल वाढली म्हणजे ताकद वाढली, बस. पण ताकदीइतकंच कामही वाढतं, आणि हे त्याला कोणी सांगत नाही. पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे हिट पॉइंट, किती मार सोसता येतो तो आकडा, कसेबसे सात-आठ. गॉब्लिन नावाचा साधा छोटा राक्षस सरासरी पाचचा मार देतो, दोन फटक्यांत जादूगार जमिनीवर. मग डेथ सेव्ह, वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा वर आलं तर एक खूण जगण्याच्या बाजूनं, खाली आलं तर मरणाच्या, आणि ज्या बाजूला आधी तीन होतील तसं. नवीन पोट्ट्यांचे चेहरे पाहावेत तेव्हा. पण त्या लेव्हलला लक्षात ठेवायचं थोडं असतं. हल्ला कसा करायचा, कुठं लपायचं, कधी पळायचं. दुसऱ्या लेव्हलला एखादी नवी गोष्ट. तिसऱ्याला योद्ध्याला आपली वाट निवडावी लागते. चौथ्याला आपल्या मूळ गुणांपैकी काय वाढवायचं ते ठरवायचं. आणि पाचव्याला एकदम सगळं: योद्धा एका वेळी दोनदा हल्ला करतो, जादूगाराला तिसऱ्या पातळीचे स्पेल, म्हणजे मंत्र, मिळतात, ज्यात फायरबॉल येतो, आगीचा मोठा स्फोट.

२०१४ च्या पुस्तकात अनुभवाच्या गुणांचा तक्ता आहे तो पाहिला की बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते दिसतं. दुसऱ्या लेव्हलला ३०० गुण, तिसरीला ९००, चौथीला २७००, पाचवीला ६५००. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या भराभर चढवून द्यायच्या, नवीन माणसाला दोन-तीन रविवारांत चव कळली पाहिजे, आणि मग चाल मंद करायची, आता थांब, मिळालेलं वापरून पाहा. मला हा तक्ता फार आवडतो. पाथफाइंडर सोसायटी म्हणून दुसरी अशीच मोहीम आहे, २००८ पासूनची, तिच्या आत्ताच्या आवृत्तीत हिशोब अजूनच सरळ, दर १२ गुणांना एक लेव्हल आणि एका पूर्ण सिनारिओचे ४ गुण, म्हणजे तीन खेळले की एक. कोणाशी भांडण नाही, कोणी किती मारले याची मोजदाद नाही. पार सुरुवातीच्या, १९७४ च्या खेळात तर राक्षस मारण्यापेक्षा सोनं बाहेर आणण्याचे गुण जास्त मिळायचे आणि लेव्हलला नावं असायची, योद्धा पहिल्या लेव्हलला व्हेटरन, चौथ्याला हीरो, आठव्याला सुपरहीरो. चौथ्या लेव्हलला हीरो. आमच्या पोरीनं नेमकं तिथंच थांबायचं ठरवलं.

लीगमध्ये सुरुवातीला हे गुणच मोजत. मग मोजायची पद्धत बदलली, आणि आता आम्ही खेळतो त्यात अ‍ॅडव्हेंचर पूर्ण झालं की एक लेव्हल घेता येते. घेता येते. घ्यावीच लागत नाही, नको म्हणता येतं. लीगच्या नियमांत हे एका ओळीत आहे आणि मी कित्येक वर्षं ती ओळ वाचून पुढं गेलो होतो.

आता ती नको का म्हणाली ते सांगतो. तिची जादूगार. चौथ्या लेव्हलला वहीत १२ स्पेल, वापरायला पहिल्या पातळीचे ४ स्लॉट आणि दुसऱ्या पातळीचे ३. स्पेल वेगळा आणि स्लॉट वेगळा, नव्वद टक्के नवीन जादूगार इथंच अडखळतात. मी तिला आणि तिच्या भावाला फवारणीवरून समजावलं होतं. घरच्या कपाटात बारा औषधांच्या बाटल्या आहेत, ती तुझी वही. सकाळी वावरात जाताना त्यातल्या काही पिशवीत टाकल्या, ते तयार केलेले स्पेल. आणि आज किती पंप मारता येतील, ते स्लॉट. चार पंप लहान, तीन मोठे. लहान औषध मोठ्या पंपात टाकता येतं आणि जास्त भागही भिजतो, मॅजिक मिसाइल मोठ्या स्लॉटातून मारली की तीनऐवजी चार बाण निघतात, पण मोठं औषध लहान पंपात बसत नाही. कँट्रिप म्हणजे हातानं अळ्या वेचणं, पाहिजे तितक्या वेळा कर, पंप लागत नाही. आणि रात्रीची पूर्ण झोप झाली की सगळे पंप भरलेले. हे तिला एका बैठकीत समजलं, बापाबरोबर वावरात वाढलेली पोरगी आहे.

पण एक गोष्ट मी सांगितली नव्हती, म्हणजे सांगितली होती पण घाईत. काही स्पेल लक्ष धरून ठेवल्याशिवाय टिकत नाहीत, कॉन्सन्ट्रेशन लागतं, आणि असा स्पेल एका वेळी एकच धरता येतो. त्या पावसाच्या रविवारी तिनं वेब टाकला, जाळं, त्यात चार गुंड अडकले, सगळे खूश. पुढच्या वेळी तिनं फ्लेमिंग स्फिअर काढला, आगीचा गोळा. त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. गोळा आला आणि जाळं गेलं. चारही सुटले आणि सगळ्यांत जवळ तिचा भाऊ उभा होता, त्याचा योद्धा. तो पडला, डेथ सेव्हला दोन वाईट खुणा झाल्या, तिसऱ्या वेळी १४ आला आणि तेवढ्यात दुसऱ्यानं औषध पाजलं म्हणून वाचला. भावानं तिला काही म्हटलं नाही. तिनंच स्वतःला म्हटलं, आणि तासाभरानं मी लेव्हल घेते का विचारलं.

मला स्वतःला पुण्यात पहिल्याच दिवशी कोणीतरी आठव्या लेव्हलचं तयार कॅरेक्टर हातात दिलं होतं. बारीक अक्षरांत चार पानं. साडेतीन तास मी त्या पानांवर बोट फिरवत होतो, माझी पाळी आली की सगळे थांबत, मग शेजारचाच सांगे, तू हे कर. मी ते करे. घरी येताना बसमध्ये वाटलं, आपण तिथं होतोच कुठं? त्या लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना सगळं येत होतं म्हणून त्यांना वाटलं यालाही जमेल. तिथून परत जायला मला आठ महिने लागले, आणि दुसऱ्यांदा मी पहिल्या लेव्हलचाच मागितला.

आणि हे फक्त खेळात होत नाही हो. माझ्या सेंटरवर नववीचा फॉर्म भरायला पोरं येतात, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं ठरलं होतं, हेतू चांगला होता, पोरं शाळा सोडू नयेत, पण त्यातली काही पोरं स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिताना माझ्याकडं पाहतात. त्यांना पुढं ढकललं, वाटेत कोणी विचारलं नाही की बाबा, मागचं समजलं का. मला त्यांचं फार वाईट वाटतं. माझे बाबा खंजिरी भजनात बसत, तुकडोजी महाराजांची भजनं, आमच्याकडं गावोगाव मंडळं आहेत. तिथं नवीन पोऱ्या आला की मागं बसून टाळ्या, मग टाळ, खंजिरीला हात लावायला दोन-दोन वर्षं. पण तो पहिल्या दिवसापासून भजनातच असतो. त्याला कोणी बाहेर बसवत नाही.

तिच्यापुढं मात्र बाहेर बसायचीच वेळ आली, आणि याचा विचार मी आधी केला नव्हता. लीगमध्ये अ‍ॅडव्हेंचर टिअरप्रमाणे असतात. १ ते ४ लेव्हल पहिला टिअर, ५ ते १० दुसरा, पुढं ११ ते १६ आणि १७ ते २०. पाच जण पाचव्या लेव्हलला गेले म्हणजे दुसऱ्या टिअरला गेले. ती चौथ्यावर म्हणजे पहिल्यात. एका अ‍ॅडव्हेंचरमध्ये दोघं बसू शकत नाहीत. आणि टेबलाला कमीत कमी ३ खेळाडू लागतात, जास्तीत जास्त ७. ती एकटी. मी आठवडाभर विचार करत होतो, तिला समजावावं का, की घेऊन टाक, आम्ही सांभाळून घेऊ. दोनदा फोन हातात घेतला. सांभाळून घेऊ म्हणजे काय, तर शेजारचा सांगेल, तू हे कर. नाही केला फोन.

रविवारी आले तर तिचा भाऊ आणि तो फुकट भेटून राहिली म्हणणारा पोट्टा, दोघांच्या हातात कोऱ्या शीट. नवीन कॅरेक्टर, पहिली लेव्हल. लीगमध्ये एका माणसाला कितीही कॅरेक्टर ठेवता येतात, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. "एक रविवार तिकडलं, एक रविवार हिकडलं," भाऊ म्हणाला. "तीन झालो नं?"

तीन झाले.

पुढचे दोन-अडीच महिने एकाआड एक रविवार हे तिघं. आणि माझ्या डोळ्यांदेखत जे झालं ते मी बारा वर्षांच्या खेळात पाहिलं नव्हतं. तिच्या बाजूला आता पहिल्या लेव्हलचे दोन जण, एक फटका बसला की पडणारे. त्यांना वाचवायचं तर तिला तिच्या वहीतला प्रत्येक स्पेल माहीत असणं भाग होतं. ती शाळेच्या वहीत दोन रकाने करून आली, एका बाजूला कॉन्सन्ट्रेशन लागणारे, दुसऱ्या बाजूला न लागणारे. वेब टाकायची आणि धरून ठेवायची, बाकी वेळ कँट्रिप. दुसऱ्याच खेळात तिनं फायर बोल्ट, म्हणजे आगीचा बाण, मारायला फासा उचलला आणि परत खाली ठेवला. म्हणाली, "थांबा, जाळं जळंल नं?" मी पुस्तक उघडून दाखवलं, हो, आग लागली की जाळं जळतं. "मंग रे ऑफ फ्रॉस्ट मारतो मी." तो थंडीचा, आगीचा नाही. आमच्याकडं पोरीही मारतो, करतो असंच म्हणतात. मी तिला ते जाळं जळण्याचं कधीच सांगितलं नव्हतं, तिला जाळं म्हटलं की जाळंच दिसलं असणार.

प्रत्येक खेळानंतर मी लॉगशीट सरकवायचो, विचारायचो. ते दोघं दुसऱ्या लेव्हलला गेले, मग तिसऱ्या. ती नको म्हणायची. मी पुन्हा कधी काहून विचारलं नाही. दिवाळीच्या आधी, कपाशीचा पहिला वेचा चालू होता, पोट्टे दिवसभर वावरात आणि रात्री आठला माझ्याकडं, हात सगळे ओरबाडलेले, त्या रात्री मी विचारायच्या आधीच तिनं शीट ओढून घेतली आणि लेव्हलच्या रकान्यात ५ लिहिला. तीन स्पेल आधीच निवडून ठेवलेले, त्यातले दोनच घेता येतात म्हणून एक खोडला. हिट पॉइंट चार अधिक दोन, सहा वाढवले, लीगमध्ये फासा न टाकता ठरलेला आकडा घेतात तसा. मी तपासलं, एकही चूक नव्हती.

दिवाळीनंतर सहाही जण पुन्हा एका टेबलावर बसले, दुसऱ्या टिअरचं अ‍ॅडव्हेंचर. मी बैल मांडले, एकोणीस. तिनं पहिल्या वेळी वेब टाकला. सगळ्यांना वाटलं आता धरून ठेवेल. दुसऱ्या वेळी तिनं टेबलावर बोटानं घरं मोजली आणि भावाला म्हणाली, "तू चार घरं मागं हो. तू बी. नाही, अजून एक. वीस फूट आहे ते चहूकडून." ते मागं झाले. मग तिनं पिशवीतून फरसाणाचा जुना डबा काढला.

फायरबॉलला सहा बाजूंचे आठ फासे लागतात. आमच्या तीन सेटमध्ये मिळून तीनच होते. डब्यात पाच होते, लुडोचे, एक लाल, दोन पांढरे, एक निळा, एक कोपरे झिजलेला. तिनं चार घरं फिरून गोळा केलेले, एक आमच्याच घरचा होता, माझ्या आईनं तिला दिला आणि मला सांगितलंही नाही. सेटमधले तीन त्यात टाकले, झाकण लावलं, डबा दोन्ही हातांनी हलवला आणि टेबलावर उलटा केला.